सांधेरोपणातच काम करायचे आहे, तर आधी काय शिकावे?

प्रश्न थोडक्यात असा: एमएस ऑर्थोपेडिक्सचे शेवटचे वर्ष चालू आहे, पुढे गुडघा आणि खुब्याचे सांधेरोपण हेच काम करायचे ठरवले आहे. फेलोशिप कशी निवडावी, किती शस्त्रक्रिया हातून झाल्या म्हणजे एकट्याने करायला हरकत नाही, रोबोट शिकावाच लागेल का, आणि जिल्ह्याच्या गावी परतून हे काम नीट करता येईल का?

चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फ्रॅक्चर जुळले की प्लेटचे काम संपते. सांध्याचे काम मात्र तो बसवला की सुरू होते. राष्ट्रीय नोंदवह्यांवरून 2019 साली केलेल्या अभ्यासात पूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे 82 टक्के आणि खुबेरोपणांपैकी सुमारे 58 टक्के सांधे 25 वर्षे टिकतात असा अंदाज निघाला. सत्तरीतल्या आजींना गुडघा बहुधा जन्मभर पुरेल. पण एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड मरणे) होऊन खुबा गमावलेला पस्तिशीचा तरुण कधीतरी पुन्हा टेबलावर येणार, आणि तेव्हा त्याच्या हाडात काय शिल्लक असेल हे तुम्ही आज काय बसवता आणि कसे बसवता यावर ठरते. म्हणून माझा आग्रह असा, की सांधा बसवायला शिकण्याइतकाच वेळ बिघडलेला सांधा का बिघडला हे उघडून पाहण्यात घाला.

फेलोशिप निवडताना सगळे जण ‘तिथे महिन्याला किती गुडघे होतात’ हे विचारतात. त्याआधी विचारायचे ते हे: तिथे रिव्हिजन, म्हणजे बसवलेला सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रिया, होतात का, दुसरीकडून बिघडून आलेले रुग्ण येतात का, ओपीडीत जुन्या रुग्णांची तपासणी फेलो करतो का, आणि ज्येष्ठ सर्जन बाजूला उभे राहून शस्त्रक्रिया तुमच्या हातून करून घेतात का. सहा महिन्यांच्या फेलोशिपमध्ये तुम्ही मदतीला असलेल्या एकाही रुग्णाची वर्षभरानंतरची चाल पाहायला मिळत नाही. हात बसतो, पण नजर तयार होत नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची आर्थ्रोप्लास्टीतील (सांधेरोपणातील) एफएनबी ही फेलोशिप दोन वर्षांची आहे, ती मिळाली तर उत्तम. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आणि खासगी रुग्णालयांच्या फेलोशिपही आहेत. त्यांतली कोणती घ्यायची हे वरच्या चार प्रश्नांच्या उत्तरांवर ठरवा, इमारतीवर नको.

तुमची जागा सरकारी महाविद्यालयातली असेल तर एक वर्षाचा बाँड (सक्तीची सरकारी सेवा) करावा लागेल. ते वर्ष अनेक जण कसेबसे ढकलतात. तसे करू नका. सरकारी रुग्णालयात मांडीच्या हाडाची मान मोडलेले वृद्ध सतत येतात आणि त्यांना बायपोलर (फक्त मांडीच्या हाडाचे डोके बदलणारा अर्धा खुबा) बसवावे लागते. खुब्यात शिरण्याची वाट, सायटिक नर्व्ह कुठून जाते, शॉर्ट रोटेटर्स (खुब्यामागचे छोटे स्नायू) आणि कॅप्सूल (सांध्याचे आवरण) कापून पुन्हा हाडाला कसे बांधायचे, ब्रोच (हाडाची पोकळी घडवणारे हत्यार) किती अँटिव्हर्शनमध्ये (पुढे वळवून) ठोकायचा, सिमेंट कसे भरायचे, हे सगळे तिथे शिकता येते. त्यात फक्त कमरेच्या हाडातल्या वाटीकडचे काम नसते. शंभर बायपोलर लक्षपूर्वक केलेला माणूस फेलोशिपला गेला की त्याचा अर्धा खुबा आधीच शिकून झालेला असतो.

आता ‘किती’ हा प्रश्न. आकडा सांगण्यापेक्षा कसोटी सांगतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी एक्स-रे समोर ठेवून कागदावर लिहा: डिस्टल फीमर (मांडीच्या हाडाचे गुडघ्याकडचे टोक) किती अंशांत आणि किती मिलिमीटर कापणार, नडगीच्या हाडातला खड्डा किती आणि तो कशाने भरणार, कुठला टिश्यू सोडवावा लागेल, कोणते माप बसेल. शस्त्रक्रियेनंतर तो कागद पुन्हा पाहा. सलग पंचवीस-तीस वेळा तुमचा अंदाज एका मापाच्या आत आला, आणि जिथे चुकला तिथे का चुकला हे सांगता आले, तर तुमची तयारी होत आली आहे. याच्या जोडीला काही अडचणींतून बाहेर पडण्याची वाट हाताला माहीत हवी: करवतीने एमसीएल (गुडघ्याच्या आतल्या बाजूची लिगामेंट) कापली जाणे, पॅटेलर टेंडन नडगीवरून सुटणे, स्टेम (मांडीच्या हाडात बसणारा दांडा) ठोकताना कॅल्कारला (तिथल्या हाडाच्या आतल्या काठाला) तडा जाणे, सगळे ट्रायल (मापाचे तात्पुरते भाग) बसल्यावर गुडघा वाकवताना सैल लागणे. यांतले काही घडले तर पुढची दहा मिनिटे काय करायचे हे ठाऊक नसेल, तर आकडा दोनशे असला तरी एकट्याने करू नये.

गुडघ्याबद्दल थोडे सविस्तर, कारण महाराष्ट्रात सर्वात जास्त काम त्याचेच असते. पहिली चूक एक्स-रेपासून सुरू होते. झोपवून काढलेल्या एक्स-रेवर गुडघ्याची झीज खरी दिसत नाही. उभे करूनच काढा, आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब स्कॅनोग्रामही घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांच्या मांडीच्या हाडाला बाहेरच्या बाजूने बाक असतो. पुस्तकात डिस्टल फीमरचा कट 5 ते 7 अंश व्हॅल्गसमध्ये (गुडघ्याखालचा पाय बाहेर वळेल असा) सांगितलेला असतो. बाकदार हाडात मोजून पाहिले तर तो 8 किंवा 9 अंश निघू शकतो. तिथे सवयीने 5 लावले तर गुडघा वारसमध्येच (धनुष्यासारखा वाकडा) राहतो, आणि टेबलावर कितीही एमसीएल सोडवली तरी बॅलन्स येत नाही. इंट्रामेड्युलरी रॉडची (कटाची दिशा ठरवायला हाडाच्या पोकळीत घालायच्या सळईची) शिरण्याची जागाही महत्त्वाची: पीसीएलच्या (गुडघ्यातल्या मागच्या लिगामेंटच्या) उगमापासून साधारण 1 सेंटिमीटर पुढे. ही जागा सरकली की कटाचा कोन सरकतो.

कापायचे किती, तर जितके बसवायचे तितके. इम्प्लांटचा डिस्टल फीमरवर बसणारा भाग बहुतेक डिझाइनमध्ये 8 ते 10 मिलिमीटर जाडीचा असतो, तेवढाच कट. नडगीचे हाड त्याच्या अक्षाला काटकोनात, कमी झिजलेल्या बाजूने 8 ते 10 मिलिमीटर किंवा झिजलेल्या बाजूच्या तळापासून सुमारे 2. पण झिजलेल्या बाजूचा खड्डा पूर्ण जाईपर्यंत खाली कापत जायचा मोह आवरा. जितके खाली जाल तितके हाड मऊ आणि आकाराने लहान, ट्रे (नडगीवर बसणारी धातूची पाटी) बसायला आधार कमी. खड्डा 5 मिलिमीटरपर्यंत असेल तर सिमेंटने भरतो. 5 ते 10 असेल तर कापलेल्याच हाडाचा ग्राफ्ट लावा, किंवा स्क्रू घालून सिमेंट भरा. त्याहून खोल असेल तर धातूचा ऑगमेंट (खड्डा भरणारा ठोकळा) आणि स्टेम. ऑगमेंट सेटमध्ये नाही म्हणून सिमेंटचा ढीग रचून वेळ मारून नेलेले गुडघे काही वर्षांत आतल्या बाजूला कलतात, आणि रिव्हिजनच्या वेळी तिथे हाड उरलेले नसते.

रोटेशनची चूक एक्स-रेवर दिसत नाही, पण रुग्णाला रोज जाणवते. फीमर मागच्या कॉंडाइलच्या (हाडाच्या टोकाच्या दोन गोल उंचवट्यांच्या) रेषेपासून 3 अंश बाहेर फिरवायचा, हे सगळ्यांना पाठ असते. व्हॅल्गस गुडघ्यात, विशेषतः संधिवाताच्या रुग्णांत, बाहेरचा कॉंडाइल मुळातच खुजा असतो. तिथे त्याच रेषेवरून 3 अंश घेतले की फीमर प्रत्यक्षात आत फिरतो, गुडघ्याची वाटी बाहेर सरकते, आणि जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखते. अशा गुडघ्यात व्हाइटसाइडची रेषा (गुडघ्याची वाटी सरकते त्या खाचेतली पुढून-मागे जाणारी रेषा) आणि एपिकॉंडाइल (कॉंडाइलच्या बाजूंचे उंचवटे) या दोन खुणा घ्या. नडगीचा ट्रेही आत फिरवू नका. ट्युबरकलच्या (नडगीच्या पुढच्या उंचवट्याच्या) आतल्या एक तृतीयांश भागाशी तो जुळला पाहिजे. ट्रेने हाड पूर्ण झाकले जावे म्हणून तो आत फिरवणे ही शिकाऊ हाताची नेहमीची चूक आहे. झाकणे आणि रोटेशन यांत एकच साधणार असेल तर रोटेशन साधा आणि ट्रे एक माप लहान घ्या.

कट झाले की खरे काम सुरू होते. पाय सरळ असताना आणि 90 अंशांत वाकवलेला असताना दोन्ही गॅप (कापलेल्या हाडांमधल्या मोकळ्या जागा) सारखे आणि चौकोनी हवेत. हा भाग पाठ करण्यापेक्षा कारणासकट समजून घ्या. डिस्टल फीमरचा कट फक्त सरळ पायाच्या गॅपवर परिणाम करतो, मागच्या कॉंडाइलचा कट फक्त वाकवलेल्या पायाच्या गॅपवर, आणि नडगीचा कट दोन्हींवर. म्हणून सरळ पायात घट्ट आणि वाकवल्यावर ठीक असेल तर आधी मागचे ऑस्टिओफाइट (वाढलेली हाडाची टोके) काढा, मागची कॅप्सूल सोडवा, आणि तरीही घट्ट असेल तरच फीमर 2 मिलिमीटर आणखी कापा. वाकवल्यावर घट्ट आणि सरळ ठीक असेल तर फीमरचे लहान माप घ्या किंवा नडगीचा मागचा उतार थोडा वाढवा. दोन्हीकडे घट्ट असेल तर इन्सर्ट (मधली प्लास्टिकची गादी) पातळ घ्या किंवा नडगी आणखी थोडी कापा, दोन्हीकडे सैल असेल तर इन्सर्ट जाड घ्या. वाकवल्यावर सैल आणि सरळ ठीक, ही सर्वात फसवी स्थिती, कारण टेबलावर गुडघा छान वाकतो आणि सगळे खूश होतात. पीसीएल काढली की वाकवलेल्या पायाचा गॅप थोडा वाढतोच. त्यात फीमर एक माप लहान घेतला असेल तर रुग्ण खुर्चीतून उठताना गुडघा पुढे सरकल्यासारखा वाटतो, आणि सूज येत-जात राहते. तिथे फीमरचे मोठे माप घेऊन मागे ऑगमेंट लावणे हा उपाय. फीमर वारंवार वर कापून सुटका करून घेण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. सांध्याची रेषा वर जाते, आणि 30 ते 45 अंशांच्या दरम्यान गुडघा डगमगतो.

आपल्याकडे रुग्ण उशिरा येतात. 20 अंशांहून जास्त वारस आणि जोडीला गुडघा पूर्ण सरळ न होणे, हे चित्र कुठल्याही ओपीडीत दिसते. तिथे घाईने वरच्या थरातली एमसीएल सोडवू नका. आधी आतल्या बाजूचे सगळे ऑस्टिओफाइट काढा. त्यांच्यावरून ताणलेली लिगामेंट तेवढ्यानेच बरीच सैल होते. मग खोल एमसीएल, मग मागच्या-आतल्या कोपऱ्यातली कॅप्सूल आणि सेमिमेम्ब्रेनोसस स्नायू. वरची एमसीएल शेवटी, तीही सुईने टोचत टोचत, दर वेळी गॅप तपासत. ती तुटली तर शिवा आणि कॉन्स्ट्रेन्ड (बाजूला डगमगू न देणारा) इन्सर्ट वापरा. तो सेट खोलीत नसेल तर शस्त्रक्रिया सुरूच करायला नको होती. वाकून आखडलेला व्हॅल्गस गुडघा सरळ करताना पेरोनियल नर्व्ह (पाऊल वर उचलणारी नस) ताणली जाते. शुद्धीवर आल्यावर पाऊल वर उचलता येत नसेल तर लगेच बँडेज सैल करून गुडघा थोडा वाकवून ठेवा, आणि नातेवाइकांशी त्याच दिवशी मोकळेपणाने बोला.

सिमेंटकडे दुर्लक्ष होते, म्हणून दोन शब्द. एका पाकिटात 40 ग्रॅम पावडर आणि सुमारे 20 मिलिलिटर द्रव असतो. तापमान वाढले की ते लवकर घट्ट होते. विदर्भात मे महिन्यात सिमेंट बाहेरच्या कपाटात ठेवले आणि एसी नीट चालत नसेल, तर हाताला लागेपर्यंत त्याची वेळ निम्मी झालेली असते. ओटी (शस्त्रक्रियागृह) 18 ते 20 अंशांवर ठेवा, सिमेंट आदल्या दिवसापासून थंड जागी. हाड पल्स लव्हाजने (पाण्याच्या झोताने) धुवून कोरडे करा, कारण चरबी आणि रक्त मध्ये राहिले की सिमेंट हाडात शिरत नाही. ट्रेच्या खालच्या बाजूला सिमेंट लवकर, ते चिकट असतानाच लावा, आणि ते पूर्ण घट्ट होईपर्यंत गुडघा हलवू नका. ट्रे सुटून आलेल्या रिव्हिजनमध्ये धातूची खालची बाजू चकचकीत कोरी निघते, आणि सिमेंट हाडाला चिकटून राहिलेले असते. ते बसवतानाच कुठे चुकले याचा हा पुरावा आहे.

खुब्याकडे वळू. आधुनिक खुबेरोपण ज्यांच्यापासून सुरू झाले ते जॉन चार्नली इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात काम करत. 1958 च्या सुमारास त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. पहिल्या वर्षी निकाल सुंदर, मग वाट्या झिजल्या आणि झिजेच्या कणांनी आजूबाजूचे हाड खाल्ले. त्या रुग्णांचे सांधे त्यांनी स्वतः पुन्हा उघडले, आणि नोव्हेंबर 1962 पासून पॉलिथिलिनची वाटी, 22 मिलिमीटरचे छोटे डोके आणि सिमेंट या जोडीवर ते स्थिरावले. नवे इम्प्लांट घेऊन कोणी दारात आले की हा इतिहास आठवावा: वर्षभराच्या निकालावरून सांध्याची परीक्षा होत नाही.

युरोपात खुबेरोपणाचा रुग्ण बहुधा वयोमानाने झिजलेला असतो. आपल्याकडे स्टिरॉइड किंवा दारूमुळे झालेला एव्हीएन, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणका आखडवणारा संधिवात), जुने वाटीचे फ्रॅक्चर, बालपणी पू होऊन गेलेला खुबा आणि विदर्भात सिकलसेल, असे तरुण रुग्ण जास्त. म्हणजे आपल्याकडचा ‘साधा’ खुबा पुस्तकातला अवघड खुबा असतो. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाची पोकळी जागोजागी बुजून कठीण झालेली असते. रीमर (पोकळी कोरणारे हत्यार) सरळ ढकलला तर बाहेरच निघतो; गाइडवायर घालून सी-आर्मखाली (ओटीतल्या एक्स-रे यंत्राखाली) इंच इंच पुढे जावे लागते. शिवाय भूल देताना थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची घट यांतले काहीही झाले तर सिकल क्रायसिस (पेशी अडकून रक्तप्रवाह थांबणे) होऊ शकतो. रक्ततज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्याशी आधी बसून बोलल्याशिवाय तारीख देऊ नका. अँकिलोझिंगमध्ये मणका एकजीव झालेला, श्रोणी (कमरेचे हाड) मागे कललेली, मान वाकत नसल्याने श्वासनलिकेत नळी घालणे अवघड. टेबलावर कप (खुब्याची नवी वाटी) नेहमीच्या मापाने बसवला तर रुग्ण उभा राहिल्यावर त्याचे तोंड जास्त पुढे उघडते, आणि सांधा पुढून निसटतो. म्हणून अँटिव्हर्शन कमी ठेवावे लागते. नंतर सांध्याभोवती नवे हाड वाढू नये यासाठी इंडोमेथासिन किंवा रेडिएशनचा एक डोस, हेही आधी ठरवा.

कपसाठी 40 अंश इन्क्लिनेशन (आडव्यापासूनचा कल) आणि 15 अंश अँटिव्हर्शन, दोन्हींत 10 इकडेतिकडे, हे 1978 पासूनचे माप सुरुवातीला धरा. मात्र टेबलावर रुग्णाची श्रोणी कुठे फिरली आहे हे न पाहता मोजलेला कोन निरुपयोगी. ट्रान्सव्हर्स लिगामेंट (वाटीच्या खालच्या कडेवरची) ही आतली खूण जास्त विश्वासाची आहे. शेवटचा रीमर कपापेक्षा 1 मिलिमीटर लहान, कठीण हाडात तेवढाही फरक नको. स्क्रू मागच्या-वरच्या भागातच घाला. पुढच्या-वरच्या भागातून ड्रिल आत गेले तर थेट एक्स्टर्नल इलियक वाहिन्या (पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या). स्टेम ठोकताना कानाचा उपयोग करा. ब्रोच बसत आला की आवाज बदलतो. आवाज बदलल्यावरही तो पुढे जात राहिला तर थांबा आणि कॅल्कार पाहा. तडा दिसला की स्टेम काढून तार बांधा, मग पुन्हा बसवा. ‘छोटा आहे, चालेल’ म्हणून सोडलेला तडा सहाव्या आठवड्यात खाली सरकलेला स्टेम दाखवतो. पोकळी रुंद आणि कॉर्टेक्स पातळ असलेल्या वृद्ध हाडात सिमेंटचा स्टेम वापरायला कचरू नका. फक्त सिमेंट भरण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगा, कारण त्या क्षणी रक्तदाब कोसळू शकतो.

आता संसर्ग. या क्षेत्रात सर्जनला झोपू न देणारी गोष्ट हीच. बचावाचे बरेचसे काम ओटीबाहेर होते. एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) साधारण 7.5 ते 8 च्या वर असेल तर तारीख पुढे ढकला. गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले आहे का हे प्रत्येकाला विचारा. आपल्याकडे रुग्ण ‘ताकदीचे इंजेक्शन’ एवढेच सांगतात, म्हणून कागद मागा. किडका दात, पायाच्या बोटांमधली भेग, नखुरडे, लघवीची जळजळ हे सगळे स्वतः पाहा. तळपाय पाहायला मोजे काढायला लावा. सेफाझोलिन 2 ग्रॅम चीर देण्याआधी 60 मिनिटांच्या आत आणि टुर्निके (मांडीवरचा रक्त थांबवणारा पट्टा) फुगवण्याआधी. व्हॅन्कोमायसिन द्यायचे असेल तर ते दोन तास आधी सुरू करावे लागते. ट्रेनेक्सॅमिक अ‍ॅसिड दिले की रक्तस्राव कमी होतो, रक्त चढवण्याची वेळ कमी येते, जखम कोरडी राहते. ओटीचे दार किती वेळा उघडते हे एकदा मोजून पाहा, मग नियम आपोआप कडक होईल.

सर्वात मोठी चूक पुढे होते. जखमेतून पाझर चालू राहतो आणि आपण गोळ्या लिहून देतो. असे करू नका. पाचव्या ते सातव्या दिवसानंतरही ड्रेसिंग ओले होत असेल तर रुग्णाला ओटीत न्या. पहिल्या तीन-चार आठवड्यांतला संसर्ग सांधा उघडून, इन्सर्ट बदलून, भरपूर सलाईनने धुवून आणि नेमक्या जंतूंवरचे अँटिबायोटिक देऊन वाचवता येतो. गोळ्यांनी दाबून ठेवलेला तोच संसर्ग तीन महिन्यांनी सांधा काढूनच सुटतो: सगळे इम्प्लांट बाहेर, 40 ग्रॅम सिमेंटमागे 2 ते 4 ग्रॅम व्हॅन्कोमायसिन घालून केलेला स्पेसर (तात्पुरता सांधा), काही आठवड्यांची औषधे, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया. जुन्या दुखऱ्या सांध्यात सीआरपी आणि ईएसआर (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करा, आणि अँटिबायोटिक दोन आठवडे थांबवून सांध्यातले पाणी काढा. त्यात दर मायक्रोलिटरमागे 3000 पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि 80 टक्क्यांवर पॉलिमॉर्फ (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) निघाले तर संसर्ग धरून चला. ओटीत पाच ठिकाणचे नमुने घ्या, कल्चर 14 दिवस ठेवायला सांगा, आणि आपल्या देशात टीबीसाठीचे नमुने पाठवायला विसरू नका.

रोबोटबद्दल एवढेच, की तो ठरवलेला कट अचूक देतो. कट किती द्यायचा हे तुम्ही ठरवता. बाकदार फीमर, जुनी प्लेट किंवा खिळा आत असलेले हाड, जिथे रॉड घालता येत नाही, तिथे नेव्हिगेशन (संगणकाने कटाची दिशा दाखवणे) आणि रोबोट खरोखर कामाचे आहेत. शिकून घ्या, पण जिग (कटाची दिशा धरणारा साचा) आणि हाताने बॅलन्स करणे आल्यानंतर. पिन सैल झाली किंवा मशीन मध्येच बंद पडले तर शस्त्रक्रिया पुढे नेता आली पाहिजे.

जिल्ह्याच्या गावी हे काम नीट करता येते, आणि ते तिथे व्हायला हवे. खेड्यातल्या माणसाला तपासणीसाठी दर वेळी पुण्या-मुंबईला यायला लावणे बरोबर नाही. मात्र काही गोष्टींवर तडजोड नको. ओटीत स्वच्छ हवेचा दाब आणि हेपा फिल्टर, आणि तीच ओटी सकाळी पू असलेल्या केससाठी वापरलेली नको. कंपनीकडून येणारा इन्स्ट्रुमेंट सेट आदल्या दिवशी दुपारपर्यंत हातात हवा. रात्री उशिरा आलेला सेट घाईत ऑटोक्लेव्ह केला की पॅक ओले निघतात, आणि ओला पॅक निर्जंतुक धरता येत नाही. सेट उघडून मापे स्वतः पाहा. आपल्याकडच्या बायकांचे हाड लहान असते; सर्वात लहान मापे आणि त्यांना जुळणारे इन्सर्ट आहेत का ते मोजा. रक्तपेढी, आयसीयू, आणि तासाभरात पोहोचणारा व्हॅस्क्युलर सर्जन यांची सोय लावून ठेवा. गुडघ्यामागची पॉप्लिटियल धमनी कापली जाणे दुर्मिळ आहे, पण घडले तर पायासाठी काहीच तास हातात असतात. ऑगस्ट 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या प्राथमिक गुडघ्याचा संच कराशिवाय 54,720 रुपयांवर आला. रुग्णाला बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवा. दोन्ही गुडघे एकाच वेळी करणे खर्चात बसते म्हणून नातेवाईक आग्रह धरतील. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर नाही म्हणा.

शस्त्रक्रियेआधी रुग्ण काय विचारतात हे ठरलेले असते: मांडी घालून बसता येईल का, देवघरात खाली बसता येईल का, शेतातल्या घरी उकिडवे बसायचा संडास आहे, त्याचे काय? खरे उत्तर द्या. आधी गुडघा जितका वाकत होता त्यावर नंतरचे वाकणे बरेचसे अवलंबून असते. काही जण मांडी घालतातही, पण रोज जमिनीवर उकिडवे बसण्यासाठी हा सांधा बनवलेला नाही. घरी कमोड बसवून घ्या असे आधीच सांगा. साधारण पाचातल्या एका रुग्णाचे गुडघ्याबाबत पूर्ण समाधान होत नाही. एक्स-रेमध्ये झीज थोडी आणि तक्रार फार, असा रुग्ण त्यात जास्त सापडतो, म्हणून त्याला सुरी लावण्याआधी कंबर आणि खुबा तपासा. पोटऱ्यांपर्यंत जाणारी कळ बहुधा मणक्याची असते, गुडघ्यात जाणवणारी दुखणी कधी कधी खुब्याची. झीज फक्त आतल्या कप्प्यात, एसीएल (गुडघ्यातली पुढची लिगामेंट) शाबूत आणि वाकडेपणा हाताने सरळ होणारा असेल तर अर्धा गुडघा बदलूनही भागते. पन्नाशीच्या आतल्या कष्टकऱ्याला ऑस्टिओटॉमी (हाड कापून पाय सरळ करणे) शक्य आहे का, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.

शेवटची गोष्ट पहिल्या दिवसापासून करायची. स्वतःची नोंदवही ठेवा: आधीची आणि नंतरची हालचाल अंशांत, इम्प्लांटची मापे, सिमेंट, टुर्निकेचा वेळ, सहा आठवडे, एक वर्ष आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी उभ्याने काढलेला एक्स-रे. न आलेल्यांना फोन करा. नाराज रुग्ण बहुधा तेच असतात. 2010 मध्ये डेप्यू कंपनीने धातूवर धातू घासणारा एएसआर खुबा जगभरातून परत मागवला. कोबाल्ट आणि क्रोमियमच्या कणांनी सांध्याभोवतीचा टिश्यू मरत होता. तेव्हा कोणाच्या शरीरात नेमका कोणता खुबा आहे हे ज्यांच्या नोंदी होत्या तेच लगेच सांगू शकले. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात लॉट नंबरचे स्टिकर असतात. एक ओटी नोट्सवर लावा, एक तुमच्या वहीत, एक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डवर, आणि त्या कार्डाचा फोटो घरातल्या एखाद्या तरुण माणसाच्या मोबाइलमध्ये तुमच्या समोर काढून घ्यायला सांगा.